डी हॅविलँडचे जुने फोटो : ओळ झाका, विमान बघा

काष्ठविमान (धागाकर्ता)

डी हॅविलँड या ब्रिटिश विमान कंपनीचे फोटो नेटवर ढिगाने सापडतात. फोटो अस्सल असतात, घोळ असतो तो खालच्या ओळींत. दोन मजली पंख दिसले की 'टायगर मॉथ', दोन शेपटांचं जेट दिसलं की 'व्हॅम्पायर', आणि साल तर अंदाजपंचे. म्हणून इथे कंपनीचा इतिहास फोटोंच्या आधाराने क्रमवार लावू या. खालची ओळ हाताने झाकायची, विमानावर काय दिसतंय ते बघायचं आणि मगच साल ठरवायचं.

पहिला घोळ कंपनी जन्मायच्या आधीपासूनचा आहे. डीएच-२, डीएच-४, डीएच-९ ही पहिल्या महायुद्धातली विमानं डी हॅविलँड कंपनीची नव्हेत. जेफ्री डी हॅविलँड १९१४ मध्ये होल्ट थॉमस यांच्या एअरको कंपनीत आरेखक म्हणून गेले. त्यांच्या आरेखनांना त्यांच्याच नावाची आद्याक्षरं लावायची पद्धत तिथे पडली. एअरको पुढे बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या ताब्यात गेली, आणि २५ सप्टेंबर १९२० रोजी लंडनच्या उत्तरेला एजवेअरजवळ स्टॅग लेन इथे डी हॅविलँड एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. त्यामुळे १९१७ च्या फोटोखाली 'डी हॅविलँड कारखाना' लिहिलं असेल तर ती ओळ तिथेच बाद.

डीएच-४, ९ आणि ९ए यांत गोंधळ होतो, पण वेगळं काढणं सोपं आहे. डीएच-४ मध्ये वैमानिक वरच्या पंखाखाली, निरीक्षक पार मागे आणि दोघांच्या मध्ये पेट्रोलची टाकी. दोन कॉकपिटांमधलं ते लांबलचक अंतर दिसलं की डीएच-४. डीएच-९ मध्ये वैमानिकाला मागे सरकवून दोघांना पाठोपाठ बसवलं. याचं नाक निमुळतं, इंजिनाचा वरचा भाग उघडा आणि रेडिएटर पोटाखाली. पुमा इंजिन २३० अश्वशक्तीचं होतं, ते या विमानाला पुरलं नाही. ९ए ला ४०० अश्वशक्तीचं अमेरिकन लिबर्टी बसवलं आणि नाकासमोर मोठा सपाट चौकोनी रेडिएटर आला. वायव्य सरहद्दीवरच्या आणि इराकमधल्या वाळवंटी फोटोंत दिसतं ते बहुतेक हेच.

---

रिव्हेट

उत्तम धागा. साल ठरवायला सगळ्यात स्वस्त पुरावा म्हणजे अंगावरची अक्षरं, म्हणून ते आधी लिहून टाकतो.

ब्रिटिश नागरी विमानांची नोंदणी १९१९ पासून जी-ईए..., मग जी-ईबी... अशी चालली. १९२८ मध्ये ती मालिका सोडून जी-एए... सुरू झाली. म्हणजे जी-ई वाचता आलं तर नोंदणी १९२८ किंवा त्याआधीची. फोटो मात्र नंतरचा असू शकतो, कारण जुनी अक्षरं विमानावर तशीच राहत. हिंदुस्थानातल्या विमानांना १९२९ पासून व्हीटी आलं आणि पुढची अक्षरं क्रमाने दिली गेली. व्हीटी-ए... म्हणजे युद्धाआधीचा काळ, १९४७-४८ च्या सुमारास व्हीटी-सी... सुरू होतं.

कारखान्यातून चाचणीसाठी निघालेल्या विमानावर वेगळीच खूण असते. या खुणांत डी हॅविलँडचं अक्षर 'ई' होतं. मॉस्किटो या दुसऱ्या महायुद्धातल्या लाकडी लढाऊ-बॉम्बरच्या पहिल्या विमानावर ई-०२३४ दिसतं ते यामुळे. १९४८ नंतर पद्धत बदलली आणि कंपनीला ५ हा आकडा मिळाला. कॉमेट जेटलायनरच्या पहिल्या फोटोंतलं जी-५-१ तेच. अशी खूण दिसली तर फोटो चाचणीच्या दिवसांतला आहे, असं बेलाशक धरा.

हवाई दलाच्या विमानांत सुकाणूवरचे तीन पट्टे बघा. १९३० पर्यंत पुढचा पट्टा निळा, त्यानंतर क्रम उलटा होऊन पुढे लाल, आणि १९३४ मध्ये पट्टेच गेले.

---

चौकटराजा

जिप्सी मॉथ आणि टायगर मॉथ यांत फरक नेमका कुठे बघायचा? मला तर दोन्ही सारखीच दिसतात.

---

काष्ठविमान

इंजिन बघा, मग पंख. दोन्ही बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

मूळ डीएच-६० मॉथ २२ फेब्रुवारी १९२५ रोजी स्टॅग लेनवरून उडालं, स्वतः जेफ्री डी हॅविलँड चालवत होते. त्याचं सिरस इंजिन फ्रँक हाल्फर्ड यांनी युद्धातल्या उरलेल्या आठ सिलिंडरी इंजिनाचा अर्धा भाग घेऊन बनवलं : चार सिलिंडर, ६० अश्वशक्ती. युद्धसाहित्याचे साठे संपत आले तेव्हा कंपनीने स्वतःचं जिप्सी इंजिन काढलं, १०० अश्वशक्तीचं. ते बसवलेलं मॉथ म्हणजेच जिप्सी मॉथ, डीएच-६०जी. या दोन्हींत सिलिंडर उभे असतात. त्यामुळे वैमानिकासमोर इंजिनाचा वरचा भाग उंच येतो आणि सिलिंडरांची डोकी झाकणाबाहेर डोकावतात.

पुढे इंजिन उलटं केलं : फिरता दांडा (क्रँकशाफ्ट) वर, सिलिंडर खाली. प्रोपेलरचा मध्य वर गेला, नाकाची वरची रेघ सपाट झाली आणि वैमानिकाला समोरचं दिसू लागलं. टायगर मॉथला हेच उलटं इंजिन आहे. पण उलटं इंजिन आहे म्हणजे टायगर मॉथच, असंही नाही. मॉथ मेजरलाही ते आहे. मॉथ मेजरचे पंख वरून बघितले तर सरळ असतात. टायगर मॉथचा वरचा पंख पुढे ढकललेला आणि दोन्ही पंख टोकांकडे मागे झुकवलेले आहेत. कारण साधं आहे. पुढच्या कॉकपिटमधला शिक्षक पंखाच्या आणि दांड्यांच्या जाळ्यात बसायचा, पॅराशूट बांधून त्याला बाहेर पडता येत नसे. मधला भाग पुढे सरकवला तर वजनाचा तोल बिघडतो, तो सावरायला टोकं मागे नेली.

टायगर मॉथचं पहिलं उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१. शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढे, धडाला चिकटून दोन लांबट पट्ट्या दिसल्या तर फोटो युद्धकाळातला किंवा त्यानंतरचा. विमान गरगरत खाली येऊ लागलं तर सावरता यावं म्हणून त्या नंतर बसवल्या.

आणखी एक. डीएच-६०जी चं धड प्लायवूडचं, बाजू गुळगुळीत. ६०एम चं धड पोलादी नळ्यांचं आणि वर कापड, म्हणून बाजूवर कापडाखालच्या पट्ट्यांचे उंचवटे दिसतात. तिरप्या उन्हातला फोटो असेल तर ते लगेच कळतं, ढगाळ दिवसात घोटाळा होतो.

एमी जॉन्सन यांचं 'जेसन', जी-एएएएच, हे ६०जी. ५ मे १९३० ला क्रॉयडनहून निघून २४ मेला त्या डार्विनला पोचल्या, वाटेत कराची, झाशी, अलाहाबाद, कलकत्ता. विमान आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये टांगलेलं आहे. मूळ रंग हिरवा, पण कृष्णधवल फोटोंत तो पार काळपट दिसतो.

---

जुहू_किनारा

पस मॉथवर सविस्तर लिहायलाच हवं, कारण मराठी वाचकांनी सगळ्यात जास्त पाहिलेला डी हॅविलँडचा फोटो त्याचाच असेल.

१५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला उतरले आणि मग मुंबईत जुहूला. विमान डीएच-८०ए पस मॉथ, नोंदणी व्हीटी-एडीएन. पुढचा टप्पा, बेल्लारीमार्गे मद्रास, नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला.

आता सापळा. १९८२ मध्ये, त्याच तारखेला, पन्नास वर्षांनिमित्त जेआरडींनी ७८ व्या वर्षी तोच कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला. त्या वेळचं विमान पस मॉथ नव्हतं, डीएच-८५ लेपर्ड मॉथ होतं. त्या फोटोंतले रंग काढून ते १९३२ चे म्हणून चिकटवलेले दिसतात. जेआरडींच्या वयावरून कळतंच, पण नुसतं विमान दिसत असेल तर असं ओळखा :

चाकांच्या दांड्या : पस मॉथमध्ये धक्का शोषणारी दांडी चाकापासून जवळजवळ सरळ वर पंखाच्या मुळाशी जाते. लेपर्ड मॉथमध्ये ती पुढे कलून इंजिनामागच्या भिंतीला मिळते.

पंख : पस मॉथचे साधारण एकाच रुंदीचे, लेपर्डचे टोकाकडे निमुळते.

आसनं : लेपर्डमध्ये वैमानिक पुढे मधोमध एकटा आणि मागे दोघे शेजारी-शेजारी. दार उघडं असलेल्या फोटोत हे दिसतं.

धड : पस मॉथचं पोलादी नळ्यांचं, लेपर्डचं प्लायवूडचं. वजन वाचलं म्हणून त्याच ताकदीच्या इंजिनावर एक माणूस जास्त.

पस मॉथमध्ये एक गंमत आहे. चाकाच्या दांडीवरचं चपटं आवरण वैमानिक ९० अंशांत फिरवू शकत असे. आडवं झालं की वाऱ्याला तोंड देऊन ब्रेकचं काम करतं. जमिनीवर उभ्या विमानाच्या फोटोत कधी कधी ते तसंच आडवं राहिलेलं असतं आणि 'दांडी वाकली आहे' असं खाली लिहिलेलं सापडतं!

---

रिव्हेट

पस मॉथचा अंधारा भागही फोटोत शोधता येतो. १९३० नंतर काही वर्षांत उडत्या विमानाचा पंख निखळून लागोपाठ प्राणघातक अपघात झाले. वादळी हवेत वेग जास्त असला की पंख पिळवटून थरथरू लागायचा. उपाय म्हणून पंखाच्या मागच्या आधारदांडीला सावरणारी एक बारीक जादा दांडी घातली. ती दिसली तर विमान दुरुस्तीनंतरचं. फोटो लहान असेल तर मात्र ही दांडी सावलीत हरवते, तेव्हा 'दिसत नाही' म्हणजे 'नाही' असा निष्कर्ष काढू नका.

---

ऑर्थो

रंगांचा विषय निघालाच आहे तर फिल्मबद्दल लिहितो. याकडे विमानवाले फारसं लक्ष देत नाहीत.

१९३० च्या दशकापर्यंत ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट आणि फिल्म सर्रास वापरात होत्या. त्यांना लाल प्रकाश दिसतच नाही. लाल रंग काळा येतो, पिवळाही गडद होतो, निळा मात्र फिकट येतो. पँक्रोमॅटिक फिल्मवर लाल मध्यम करडा आणि पिवळा फिकट. ब्रिटिश हवाई दलाचा गोल शिक्का याची उत्तम चाचणी आहे. बाहेरचं निळं कडं मधल्या लाल ठिपक्यापेक्षा बरंच फिकट असेल तर ऑर्थो. युद्धकाळातल्या शिक्क्याला बाहेरून पिवळी कड असते, ती ऑर्थोवर इतकी गडद येते की शिक्काच भलत्या नमुन्याचा वाटतो.

डीएच-८८ कॉमेट रेसरच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. ऑक्टोबर १९३४ च्या मिल्डनहॉल ते मेलबर्न शर्यतीसाठी तीन विमानं बांधली होती. 'ब्लॅक मॅजिक' जी-एसीएसपी, काळं-सोनेरी. 'ग्रोव्हनर हाउस' जी-एसीएसएस, लाल-पांढरं. आणि तिसरं जी-एसीएसआर, हिरवं. ऑर्थोवर तिन्ही काळी! तेव्हा रंगावर न जाता शर्यतीचा आकडा वाचा : ब्लॅक मॅजिक ६३, ग्रोव्हनर हाउस ३४, हिरवं १९.

---

बाल्सा

डीएच-८८ मध्ये प्रोपेलरच्या नाकावर एक छोटी चकती दिसते, तिच्याबद्दलही सांगायला हवं. प्रोपेलर फ्रेंच रातिए कंपनीचे, पात्यांचे दोनच कोन. निघण्याआधी सायकलच्या पंपाने हवा भरून पाती उड्डाणाच्या कोनात आणायची. हवेत वेग ताशी १५० मैलांच्या आसपास गेला की समोरच्या चकतीवर वाऱ्याचा दाब येऊन झडप उघडते, हवा सुटते आणि पाती लांब पल्ल्याच्या कोनात जातात. एकदा गेली की हवेत परत आणता येत नाहीत. त्यामुळे उतरताना ऐनवेळी पुन्हा वर जायची वेळ आली तर कठीण. विमानाजवळ पंप घेऊन उभा असलेला मेकॅनिक दिसला तर तो चाकात हवा भरतोय असं लिहू नका.

शर्यत स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक यांनी लाल विमानाने जिंकली, ७१ तासांच्या आत. ब्लॅक मॅजिक कराचीपर्यंत सर्वांच्या पुढे होतं. नंतर वाट चुकून जबलपूरला उतरलं, तिथे विमानाचं पेट्रोल नव्हतं, मोटारीचं भरलं. उच्च दाबाच्या इंजिनाला ते झेपलं नाही आणि अलाहाबादला शर्यत संपली.

पंखांचा उघड्या अवस्थेतला फोटो मिळाला तर जरूर बघा. एवढ्या पातळ पंखात ताकद आणायला स्प्रूसच्या पट्ट्या दोन थरांत तिरप्या, एकमेकींना छेद देऊन चिकटवल्या आहेत. भार सालीनेच उचलायचा. मॉस्किटोचं मूळ इथे आणि अल्बाट्रॉसमध्ये आहे.

अल्बाट्रॉस, डीएच-९१, १९३७. चार इंजिनांचं प्रवासी विमान, फक्त सात बनली. धडाची साल म्हणजे प्लायवूड, मध्ये बाल्सा हे हलकं लाकूड, पुन्हा प्लायवूड. ऑगस्ट १९३८ मध्ये हॅटफील्डला, कंपनीच्या नव्या कारखान्याच्या धावपट्टीवर, जादा वजन घालून उतरण्याची चाचणी चालू असताना दुसऱ्या विमानाचं धड मागच्या बाजूला मोडून दोन तुकडे झाले. त्या फोटोला बॉम्बहल्ल्याचा फोटो म्हटलेलं दिसतं. हॅटफील्डवर बॉम्ब पडले ते ३ ऑक्टोबर १९४० ला. एकट्या जर्मन युंकर्स-८८ विमानाने ९४ नंबरचं शॉप उद्ध्वस्त केलं, २१ माणसं गेली. मॉस्किटोसाठी आणलेला बराच माल त्यात जळाला.

---

काष्ठविमान

मॉस्किटोवर येऊ. आरेखन सॅलिसबरी हॉल या जुन्या वाड्यात, हॅटफील्डपासून थोडं दूर, बॉम्बच्या भीतीने. पहिलं विमान तिथेच बांधून ट्रकवरून हॅटफील्डला नेलं. उड्डाण २५ नोव्हेंबर १९४०, वैमानिक धाकटे जेफ्री डी हॅविलँड. रंग सगळाच पिवळा, आपल्याच तोफांनी पाडू नये म्हणून. वरून हिरवट-तपकिरी आणि खालून पिवळं दिसलं तर फोटो थोडा नंतरचा. क्रमांक डब्ल्यू-४०५०. हे विमान आजही त्याच सॅलिसबरी हॉलच्या संग्रहालयात आहे.

कारखान्यातले फोटो सगळ्यात बोलके. धडाचे डावा-उजवा असे दोन अर्धे साचे, मॅहॉगनीचे किंवा काँक्रीटचे. साच्यावर आधी आतलं बर्च प्लायवूड, त्यावर सुमारे ७/१६ इंच बाल्सा, वर पुन्हा प्लायवूड, आणि सरस सुकेपर्यंत पोलादी पट्ट्यांनी आवळून ठेवायचं. अर्धं धड उघडं असतानाच आतल्या नळ्या, तारा, दोऱ्या बसवायच्या, मग शेंगेच्या सालींसारखे दोन्ही अर्धे जोडायचे. उघड्या धडात काम करणाऱ्या बायका दिसतात तो टप्पा हाच. बंद विमानात तेच काम करायला कितीतरी पट वेळ लागला असता. फर्निचरवाल्यांना विमानाच्या कामाला लावता आलं तेही याच पद्धतीमुळे.

प्रकार ओळखायचा तर :

समोरची काच सपाट एकसंध असेल आणि नाकात बंदुका असतील तर लढाऊ किंवा लढाऊ-बॉम्बर, चढायचं दार उजव्या कुशीत. काच मधोमध टोकदार आणि नाक पारदर्शक असेल तर बॉम्बर किंवा टेहळणी, दार पोटाखाली. उजव्या कुशीतलं दार डाव्या बाजूला दिसलं तर फोटो उलटा छापला आहे.

इंजिनाची घरं पंखाच्या मागच्या कडेच्या आत संपत असतील तर अगदी सुरुवातीचं विमान. नंतर ती लांबवून कडेच्या मागे काढली, शेपटीची थरथर थांबावी म्हणून.

---

चौकटराजा

आणि हिंदुस्थानातल्या मॉस्किटोंचा सरस उन्हात वितळला म्हणतात, ते खरं का?

---

बाल्सा

'वितळला' नक्कीच नाही. घडलं ते असं. १९४४ च्या शेवटी पूर्वेकडच्या तळांवर पंख निखळून अपघात झाले आणि मॉस्किटोंची उड्डाणं थांबवली गेली. कंपनीकडून मेजर हेरवर्ड डी हॅविलँड हिंदुस्थानात आले. त्यांचा निष्कर्ष : सरस खराब झालेला नाही, पावसाळ्यातल्या ओलाव्याने लाकूड आकसल्या-फुगल्याचा परिणाम. पण नंतर इंग्लंडमध्येच उघडून तपासलेल्या विमानांतही तेच दोष निघाले, आणि ती विमानं कधी पावसाळ्यात उभी नव्हती. पंखाची साल आणि मुख्य आडवा दांडा यांत फटी राहिल्या होत्या, चिकटवणी अर्धवट होती. म्हणजे मूळ दुखणं कारखान्यातलं, हवेने ते बाहेर काढलं. अधिकृतपणे मात्र दोष हवामानावरच ठेवला गेला. विमानावरचा विश्वास उडू नये म्हणून, असं माझं मत.

इलाज म्हणून पंखाच्या लांबीभर, सालीच्या सांध्यावर प्लायवूडची पट्टी चिकटवून पाणी शिरायची वाट बंद केली. जवळून घेतलेल्या फोटोत तिची कड रंगाखालून उमटते.

---

ऑर्थो

भर : पूर्वेकडची मॉस्किटो चंदेरी रंगवत, ऊन परतवायला. आणि त्यांच्या शिक्क्यात लाल ठिपका नसतो, गडद निळा आणि फिकट निळा एवढंच. जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत नको म्हणून. चंदेरी मॉस्किटो आणि लाल नसलेला शिक्का दिसला की ठिकाण हिंदुस्थान-ब्रह्मदेश, साल १९४४ किंवा पुढचं. शिक्का मात्र पँक्रोमॅटिक फोटोतच तपासा, ऑर्थोवर फिकट निळा पांढरा होऊन जातो.

---

रिव्हेट

जेट थोडक्यात उरकतो. व्हॅम्पायर, पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९४३. मधलं धड अजून मॉस्किटोसारखंच प्लायवूड-बाल्साचं, दोन शेपट्या आणि पंख धातूचे. भारतीय हवाई दलाचं पहिलं जेट हेच, नोव्हेंबर १९४८ पासून, आणि नंतर बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये बांधलं गेलं. व्हेनम वेगळं : पंख पातळ, पुढची कड मागे झुकलेली, मागची सरळ, टोकाला टाक्या.

सरसाचा धागा पुढे न्यायचा तर हॉर्नेट बघा, १९४४. लाकूड धातूला चिकटवणारा रिडक्स हा गोंद त्यात वापरला. तोच रिडक्स पुढे डव्ह या छोट्या प्रवासी विमानात आणि कॉमेटमध्ये धातूला धातू जोडायला आला.

---

जुहू_किनारा

कॉमेट जेटलायनर, डीएच-१०६. पहिलं उड्डाण २७ जुलै १९४९, वैमानिक जॉन कनिंगहॅम. नाव तेच असल्याने १९३४ च्या रेसरशी गल्लत होते, म्हणून क्रमांक लिहीत जा.

फोटोत तीन गोष्टी बघा. मुख्य चाकं : पहिल्या दोन विमानांना प्रत्येक बाजूला एकच थोराड चाक, उत्पादनात आलेल्यांना चार-चार चाकांचा संच. खिडक्या : कॉमेट १ च्या चौकोनी, कॉमेट ४ च्या गोलसर. पंखाची पुढची कड : कॉमेट ४ वर इंधनाच्या दोन टाक्या पुढे डोकावतात. खिडकी गोल दिसली म्हणून लगेच कॉमेट ४ म्हणू नका, जुन्या काही विमानांनाही नंतर गोल खिडक्या बसवल्या. टाक्या बघा.

२ मे १९५२ ला जी-एएलवायपी ने लंडन-जोहान्सबर्ग ही पहिली प्रवासी फेरी केली. बरोबर वर्षाने, २ मे १९५३ ला, कलकत्त्याहून निघालेलं जी-एएलवायव्ही वादळात तुटलं, ४३ जण गेले. जानेवारी १९५४ मध्ये एल्बाजवळ जी-एएलवायपी स्वतः, एप्रिलमध्ये नेपल्सजवळ जी-एएलवायवाय. मग फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात जी-एएलवाययू चं धड पाण्याच्या टाकीत घालून दाब पुन्हा पुन्हा चढवला-उतरवला. पंख टाकीच्या भिंतींतून बाहेर आलेले दिसतात तो फोटो याच चाचणीचा. पाणी अशासाठी की ते दाबलं जात नाही. हवा भरली असती तर फुटताना सगळा पुरावाच उडाला असता. आधीच्या उड्डाणांसह एकूण ३,०५७ आवर्तनांनंतर धड फाटलं, खिडकीच्या कोपऱ्यापाशी. एल्बाच्या अवशेषांत मात्र भेग छतावरच्या अँटेनाच्या झरोक्याच्या कोपऱ्यातून निघाली होती. 'चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडलं' ही ओळ म्हणून अर्धवट आहे. त्या भागातल्या पत्र्यावरचा ताण हिशेबापेक्षा बराच जास्त होता, खिळ्यांची भोकं आणि कोपरे ही सुरुवातीची जागा.

आणि हो, कॉमेट जुहूला दिसतंय असा फोटो खोटा म्हणून फेकू नका. १५ जुलै १९५३ ला बीओएसी या ब्रिटिश विमानसेवेचं कॉमेट सांताक्रूझऐवजी चुकून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं होतं. नऊ दिवसांनी उडवून बाहेर काढलं.

---

ऑर्थो

ज्यांच्याकडे मूळ प्रती आहेत त्यांच्यासाठी कामाचं :

पोस्टकार्डाएवढी छापील प्रत ६०० डीपीआयवर, १६ बिट ग्रेस्केल, टिफ. अक्षरं वाचायची असतील तर १२००. त्यापुढे फक्त कागदाचा पोत मोठा होतो. काचेची निगेटिव्ह ट्रान्समिशन स्कॅनरवर, २४०० पुरे. काचेची मॅट बाजू म्हणजे लेप, चकचकीत बाजू म्हणजे काच. उलटी ठेवली की आरसाप्रत निघते. काच कडेने धरा, बोट लेपाला लागू देऊ नका, धूळ ब्लोअरनेच काढा.

पाठीवरचे शिक्के आणि पेन्सिलीची टिपणं समोरच्या फोटोइतकीच मोलाची, तीही स्कॅन करा. स्वतः काही लिहायचं तर २बी पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत प्रतींच्या गडद भागावर चंदेरी तवंग येतो, तो पुसून जात नाही. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, पॉलिएस्टरच्या घ्या. डब्यात सिलिका जेल, आणि रंग बदलला की तापवून कोरडं करा. एकमेकांना चिकटलेल्या प्रती ओढू नका.

---

चौकटराजा

एक फोटो आहे : जुहू, दुपंखी, दोन इंजिनं, व्हीटी-ए... पुढचं पुसलेलं, चाकांवर पायजम्यासारखी पूर्ण आवरणं. खाली 'ड्रॅगन १९३३' असं आहे.

---

रिव्हेट

पूर्ण आवरणं असतील तर ड्रॅगन कठीण, डीएच-८९ ड्रॅगन रॅपिड असणार. पंखांची टोकं बघा : ड्रॅगनची बोथट आणि पंख एकाच रुंदीचे, रॅपिडचे निमुळते होत टोकदार. इंजिनंही लांब असतील, रॅपिडला सहा सिलिंडरी जिप्सी सिक्स, ड्रॅगनला चार सिलिंडरी जिप्सी मेजर. रॅपिड १९३४ ला उडालं, म्हणजे १९३३ बाद.

---

काष्ठविमान

तिसरी शक्यताही तपासा, डीएच-९० ड्रॅगनफ्लाय. खालचा पंख वरच्यापेक्षा आखूड आणि धडाजवळ दोन पंखांमध्ये उभ्या दांड्या-तारांचं जाळं नसेल तर ते. जाळं असेल तर रॅपिड पक्कं.

आणि जाता जाता : भारतीय हवाई दलाचे ऑटर आणि कॅरिबू यांचे फोटो या धाग्यात टाकू नका. ती डी हॅविलँड कॅनडाची आरेखनं, हॅटफील्डचा संबंध नाही. डेव्हन चालेल, ते डव्हचंच लष्करी रूप आहे. शेवटची मर्यादा ट्रायडंट हे प्रवासी जेट : १९६२ ला उडालं तेव्हा कंपनी हॉकर सिडले या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या ताब्यात गेली होती आणि १९६३ मध्ये नावही गेलं. ओळखायला सोपं, पुढचं चाक मध्यरेषेवर नाही, डावीकडे सरकवलेलं आहे. समोरून घेतलेला फोटो असेल तर तो आधी टाका.